संध्याकाळची भूक कशी सांभाळता? (वजन कमी करणाऱ्यांसाठी)

ओवी (सिंहगड रस्ता, पुणे)

वजन कमी करण्यावर इथे भरपूर धागे आहेत. काय खावं, किती चालावं, तेल कुठलं, सगळं येऊन गेलंय. भुकेवर मात्र वेगळा धागा सापडला नाही, आणि माझ्या मते बहुतेक जण अडतात ते तिथेच. म्हणून हा प्रपंच.

ऑफिसात आम्ही काही जणी एकत्र डबा खातो. वजन कमी करणारीचा डबा लांबूनच ओळखता येतो: दोन कोरडे फुलके, दुधीची भाजी, काकडीचे चार काप. आमटी सांडते म्हणून नाही, दही आंबतं म्हणून नाही. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं झालेली असतात. संध्याकाळी साडेसहाला मगरपट्ट्याहून निघायचं, स्वारगेट ओलांडून धायरीपर्यंत यायला आठ वाजतात. पर्स खुर्चीवर ठेवली की हात शेवेच्या डब्यात. कणीक भिजेपर्यंत ओट्याशी उभ्याउभ्याच मूठभर शेव, थोडे शेंगदाणे, मुलांच्या खाऊतल्या दोन बाकरवड्या, कालच्या भाताचा एक घास. मग सगळ्यांबरोबर पूर्ण जेवण. दुसऱ्या दिवशी डब्यात एक फुलका कमी.

आणि वर प्रत्येकीचं म्हणणं एकच, “माझा मनावर ताबाच नाही गं.” हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. घर, ऑफिस, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं सगळं वेळच्या वेळी करणाऱ्या बाईचा मनावर ताबा नाही असं कसं म्हणायचं? दिवसभर तिच्या पोटात पडलंय काय, ते बघा ना. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात (आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम). दोन फुलके आणि दुधी मिळून सात-आठ ग्रॅम होतात. संध्याकाळी शरीर आपलं देणं वसूल करणारच.

रात्रीचं जास्तीचं खाणं सकाळी आणि दुपारी ठरतं, असं माझं ठाम मत झालंय. भूक दाबून वजन उतरवता येत नाही, ती वेळेवर आणि नीट भागवावी लागते. तुम्ही हे कसं जमवता? नोकरी करणाऱ्यांना झेपेल असंच सांगा, सकाळी दोन तास स्वयंपाकघरात घालवता येतील अशी कोणाची परिस्थिती नसते.

पेठेतली

ओवी, अगदी मनातलं लिहिलंस. डब्याचं आधी सांगते. फिरकीच्या झाकणाचा आणि आत रबरी रिंग असलेला स्टीलचा छोटा डबा मिळतो, तुळशीबागेत कुठल्याही भांड्यांच्या दुकानात. आमटी, उसळ, ताक काहीही ने, थेंब सांडत नाही. दही आंबतं तर रात्री लावण्याऐवजी दूध कोमट असताना सकाळी डब्यातच विरजण लाव, दुपारपर्यंत लागतं. उन्हाळ्यात तर हमखास.

आता संध्याकाळचं. आमच्याकडे आल्याआल्या आधी कढण पितात, नंतर बाकीचं. सकाळच्या कुकरला वरणाच्या डब्यावर एक जास्तीची वाटी ठेवायची: मूठभर हिरवे मूग (साधारण ४० ग्रॅम), दुप्पट पाणी, चिमूटभर हळद. संध्याकाळी ते रवीने घुसळायचं, आणखी पाणी घालून पातळ करायचं, आलं ठेचून, जिऱ्याची फोडणी, मीठ, वरून लिंबू. पाच मिनिटांचं काम. फोडणीला तेल चहाच्या चमच्याने मोजून एकच चमचा. पळीने ओतलं की किती गेलं ते कळत नाही, आणि एका चमच्यात ४५ कॅलरी असतात. हे एक मोठी वाटी गरम गरम प्यायलं की पुढचा पाऊण तास शांतपणे स्वयंपाक होतो.

शेवेचा डबा घरात असूच नये असं मी म्हणणार नाही, घरात मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. पण तो ओट्यावर नको. आमचा माळ्याखालच्या फडताळात असतो, स्टूल घ्यावं लागतं.

टेकडीवाला

चांगला धागा. माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहितो.

मी डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे पाणी, पातळ ताक वगैरे सोडून काही नाही, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. सुरुवातीचे काही दिवस मधल्या वेळी जीव कासावीस होतो, नंतर ती भूक येईनाशी होते. सकाळी वेताळ टेकडी, साडेदहाला पोटभर जेवण, संध्याकाळी सातला दुसरं. मधे खायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. दर दोन तासांनी थोडं थोडं खा असं आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात, माझ्या बायकोला ते छान जमतं. मला जमत नाही, कारण थोडं खाऊन थांबणं हेच मला अवघड जातं.

तेव्हा ओवीताई, संध्याकाळी कढण प्या हा सगळ्यांसाठी नियम होऊ नये एवढंच म्हणणं.

ओवी

काका, नियम नाहीच. तुमच्या साडेदहाच्या जेवणात काय असतं ते मात्र लिहा, सगळ्यांना उपयोग होईल.

टेकडीवाला

दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर उसळ, पालेभाजी, ताटाचा चतुर्थांश भाग भरेल एवढी कोशिंबीर, दोन उकडलेली अंडी, वाटीभर दही. शेवटी थोडा भात. आधी कोशिंबीर आणि अंडी संपवतो, मग भाकरी.

बारीक_निरीक्षण

दोनदा की सहा वेळा यावर इथे पूर्वी फार भांडणं झाली आहेत, ती परत नकोत. एकूण खाणं तेवढंच असेल तर ते किती वेळा विभागलं याने वजनात विशेष फरक पडत नाही, असंच बहुतेक अभ्यासांत दिसतं. काकांना दोनदाने भूक आवरते, काकूंना सहा वेळांनी. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आणि काकांचं ताट बघा, त्यात डाळी, अंडी, दही, पाला सगळं आहे. दोनदा जेवून त्यात नुसता वरणभात असता तर त्यांची टेकडी चुकली असती.

भुकेबद्दल मला पटलेल्या काही गोष्टी लिहितो.

सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ तपासले. प्रत्येकाच्या सारख्याच कॅलरी खायला देऊन पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. सगळ्यात वर आला साधा उकडलेला बटाटा, ३२३ गुण! तळाला क्रोसाँ (लोणी घातलेला फ्रेंच पाव), ४७. आपण वजन कमी करायचं म्हटलं की आधी बटाट्याला घराबाहेर काढतो. उकडलेला बटाटा, दही, जिरं, मिरची अशी कोशिंबीर करून बघा. वडा झाला की गोष्ट बदलते, तेल आणि बेसन येतं आणि तो खाल्लाही भराभर जातो.

दुसरं, पेठेतली ताईंच्या कढणाला आधार आहे. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांच्या गटाने १९९९ मध्ये काही स्त्रियांना जेवणाआधी भाज्या-भात-चिकनचा पदार्थ दिला. एकदा नुसता, एकदा सोबत ग्लासभर पाणी, एकदा तेच पाणी घालून केलेलं सूप. सूप प्यायल्यावर पुढचं जेवण कमी झालं, पाणी वेगळं प्यायल्याने झालं नाही. कढण, टोमॅटोचं सार, पातळ आमटी यात आपण आधीपासूनच श्रीमंत आहोत.

तिसरं म्हणजे पाकिटातलं खाणं. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, दोन आठवडे घरगुती पद्धतीचं. साखर, स्निग्ध पदार्थ, तंतू दोन्हीकडे समोर ठेवताना सारखेच, आणि हवं तेवढं खायची मुभा. कारखान्यातल्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली, दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढली (२०१९). वेगही जास्त होता. चावावं लागत नाही ते पोटाला कळायच्या आत संपतं.

नातू

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. वडील ६८ वर्षांचे, बारा वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. शेजारच्यांचं वजन कमी झालेलं बघून त्यांनी दोनदा जेवायचं ठरवलंय. त्यात आता श्रावणी सोमवार, आणि चातुर्मासात दोन्ही एकादश्या करतातच. परवा दुपारी चारला दरदरून घाम, हात थरथरत होते, आणि “मला काहीतरी खायला द्या” म्हणून बसून राहिले. पोळी-गूळ दिला, बरं वाटलं. ही भूकच असेल ना?

स्टेथोस्कोप

नातू, कृपया हे आजच वाचा. वर्णनावरून ही साधी भूक वाटत नाही, साखर खाली गेल्याची लक्षणं वाटतात. ग्लिमेपिराइड जेवलात की नाही ते बघत नाही, ते इन्शुलिन सोडायला लावतंच. त्या गोळीवर किंवा इन्शुलिनवर असताना जेवणाची वेळ स्वतःच्या मनाने बदलायची नाही. डॉक्टरांना भेटून आधी मात्रा ठरवून घ्यायची, उपास असेल तर त्या दिवसाचीही. गोळी स्वतःहून बंदही करू नका.

घरात ग्लुकोमीटर ठेवा. पुन्हा असं झालं तर लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमीच असेल तर परत तेवढीच साखर. सावरल्यावर जेवण द्यायचं. पोळी-गुळाने बरं वाटलं हे ठीक, पण पोळी पचायला वेळ लागतो, त्या क्षणी नुसती साखर हवी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालयात न्या.

बाकीच्यांसाठीही एक गोष्ट. आपल्या रास्ता पेठेतल्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडे वजन कमी दिसलं तरी चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. उपाशी राहून वजन उतरवलं की त्यातला बराच भाग स्नायूंचा जातो, म्हणजे होतं तेही गेलं. म्हणून प्रथिनं पोटभर आणि थोडा जोराचा व्यायाम, मग तो पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढण्याचा असला तरी चालेल, याला पर्याय नाही.

पेठेतली

उपासाचं निघालंच आहे तर बोलते. एकादशी दुप्पट खाशी हे उगाच म्हणत नाहीत. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्च, प्रथिनं नावाला. खिचडीत जे काही पोटाला धरून ठेवतं ते दाण्याचं कूट. सकाळी खिचडी, दुपारी वेफर्स, संध्याकाळी बटाट्याचा तळलेला कीस, मधे चार खजूर आणि चहा. रात्री पोट जड आणि तरीही भूक आहेच. मी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करते, काकडीची दही घालून कोशिंबीर, राजगिऱ्याची भाकरी, एखादं फळ. देवालाही चालतं, पोटालाही. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, त्यांनी कधी नाक मुरडलं नाही.

रात्रपाळी

वाचतोय. हिंजवडीत सपोर्टला आहे, आठवड्याआड रात्रपाळी. पहाटे तीनला जी भूक लागते तिचं काय करायचं? त्या वेळी कॅन्टीनला फक्त समोसे, सँडविच आणि मशीनचा गोड चहा असतो. सकाळी घरी येऊन झोपतो, पण आमच्या सोसायटीत दुपारी ड्रिलचं काम चालू असतं, चार-पाच तासांवर झोप होत नाही. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात दिवसभर काही ना काही चघळत राहतो. दिवसपाळीत हा त्रास नसतो.

बारीक_निरीक्षण

रात्रपाळी, झोपेचा थेट संबंध आहे. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर घ्रेलिन हे भूक वाढवणारं संप्रेरक २८ टक्के वाढलं, भूक शमवणारं लेप्टिन १८ टक्के घटलं, आणि गोड-खारट-पिठूळ खाण्याची इच्छा वाढली. उलटाही अभ्यास आहे. २०२२ मध्ये कमी झोपणाऱ्या ८० जास्त वजनाच्या माणसांपैकी अर्ध्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढवली. खाण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, तरी ती रोज सरासरी २७० कॅलरी कमी खाऊ लागली.

तेव्हा आधी झोपेचं बघ. खोलीला जाड पडदे, कानात बोळे, आणि सोसायटीला सांगून ड्रिलची वेळ ठरवून घे. डबा मात्र घरून ने. पाळीवर निघण्याआधी पूर्ण जेवण, तीनला अंडी किंवा उसळ किंवा दही-पोहे. समोसा समोर आला तरी पोट भरलेलं असेल.

मनीषा_क

पहिल्यांदाच लिहितेय. सगळं वाचलं. माझं यात कुठेच बसत नाही. मी दुपारी नीट जेवते, संध्याकाळीही खाते. तरी आठवड्यातून दोन-तीनदा सगळे झोपल्यावर उठते आणि खात सुटते. भूक नसते. श्रीखंडाचा अख्खा डबा, मग फरसाण, मग परत गोड. पोट दुखेपर्यंत. रिकामे डबे पिशवीत घालून सकाळी ऑफिसला जाताना बाहेर टाकते. नवऱ्याला माहीत नाही. गेलं वर्षभर चालू आहे. वजन कमी करायचे सगळे प्रकार करून झाले.

ओवी

मनीषा, लिहिलंस ते फार बरं केलंस. इथे कोणी तुला नावं ठेवणार नाही.

स्टेथोस्कोप

मनीषा, तुम्ही जे लिहिलंय त्याला वैद्यकात नाव आहे: बिंज ईटिंग डिसऑर्डर. थोड्या वेळात खूप खाणं, थांबता न येणं, लपून खाणं, नंतर स्वतःची किळस वाटणं, आणि हे आठवड्यातून निदान एकदा असं तीन महिने चालू असणं, अशी त्याची लक्षणं आहेत. २०१३ पासून तो स्वतंत्र आजार म्हणून मानला जातो. निदान इथे बसून करता येत नाही, पण मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं इतकं तुमचं वर्णन स्पष्ट आहे. बोलून करायचे उपचार आहेत, गरज पडली तर औषधं आहेत, आणि ते लागू पडतात. तोपर्यंत वजन कमी करण्याचा प्रत्येक प्रकार बाजूला ठेवा. जेवण टाळण्याने हा त्रास वाढतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. स्वतःहून पुढे आलेली, धडधाकट मनाची माणसं. ती दिवसभर खाण्याचा विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, आणि खाणं पुन्हा मिळायला लागल्यावर काही जण पोट फुटेस्तोवर खाऊनही भुकेलेच राहिले. कोणाच्याच मनाचा दुबळेपणा नव्हता. उपासमारीने शरीर असं वागतं.

वजन कमी केलेल्यांनीही हे लक्षात ठेवा. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, कडक आहाराने सरासरी साडेतेरा किलो उतरवलेल्या माणसांची भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्ववत झालेली नव्हती. भूक वाढलेलीच होती. म्हणून आठवड्याला अर्धा किलो खूप झाला, आणि जे आयुष्यभर खाता येणार नाही ते आज सुरू करू नका. हल्ली सेमाग्लुटाइड, टिरझेपेटाइडची इंजेक्शनं भारतात मिळू लागल्यापासून रोज विचारणा होते. ती भुकेवरच काम करतात, काहींना खूप उपयोगी आहेत, पण तपासण्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून तर अजिबात घेऊ नका. काही औषधांनी (स्टेरॉइड, मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या) भूक वाढते, तेही आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

टेकडीवाला

मनीषा, मुली, घरातल्या एका माणसाला सांग. नवऱ्याला नाही तर बहिणीला. पहिल्या भेटीला कोणीतरी सोबत असलं की पाय उचलतो.

नातू

वडिलांना काल डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉ. स्टेथोस्कोप म्हणाले तेच निघालं. ग्लिमेपिराइडची मात्रा कमी केलीय, उपासाच्या दिवसाचं वेगळं लिहून दिलंय, दोनदा जेवायचं तूर्त बंद. ग्लुकोमीटर घेतला. बाबा नाराज होते, पण साडेचारला मुगाचं कढण मिळणार म्हटल्यावर तयार झाले. पेठेतली ताई, त्यांना दात नाहीत, तर मूग गाळून घेऊ का?

पेठेतली

गाळू नका, सालं पोटाला चांगली. शिजल्यावर मिक्सरमधून एकदा फिरवा आणि लिंबाऐवजी ताक घाला, घशाखाली सहज उतरतं. ताक घातल्यावर उकळू नका, फाटेल.

ओवी

आमच्या ऑफिसचं सांगते. सोमवारपासून पाच वाजता सगळ्यांनी मिळून खायचं ठरलंय. पाळीपाळीने एकीने आणायचं: मंडईतून मोड आलेली मटकी आणून वाफवून कांदा-टोमॅटो-लिंबू घालून, किंवा फुटाणे (एकीला ४० ग्रॅम, त्यात आठेक ग्रॅम प्रथिनं), किंवा उकडलेली अंडी. पाच मिनिटं जागेवरून उठायचं आणि बसून खायचं, स्क्रीनसमोर नाही. डब्यात आमटीही सुरू झालीय, फिरकीचे डबे तुळशीबागेत खरंच मिळाले.

रात्रपाळी, तुझ्या ऑफिसात फ्रिज आहे का ते सांग, म्हणजे तीनच्या डब्याचं नीट ठरवता येईल. मनीषा, तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माझ्या ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंचा पत्ता आहे, शनिवारी माझी सुट्टी असते, हवं तर मी बरोबर येते.